नाळेच्या तोंडाशी ठेवलेले खडे

भोरहून पासली काही फार लांब नाही. रमतगमत निघाले तरी तिसऱ्या दिवशी माणूस तिथे पोचतो. मला तेरा वर्षे लागली.

मी कशासाठी गेलो होतो ते आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत ते शोधत बसावे लागणार नाही. एकतीस सालच्या खानेसुमारीच्या वेळी मी भोरच्या कचेरीत कारकून होतो. वेल्ह्यापलीकडच्या डोंगरी गावांची मोजणी माझ्याकडे आली. घरोघर जावे, माणूस समोर बसवावा, त्याचे वय, धर्म, धंदा विचारून लिहावा, असा हुकूम होता. मी वेल्ह्याच्या चावडीत बसलो आणि पासलीच्या पाटलांना बोलावून घेतले. ते नावे सांगत गेले, मी लिहीत गेलो. धंद्याच्या रकान्यात पहिल्या माणसापुढे 'शेती' लिहिले आणि त्याखाली 'सदर', 'सदर', 'सदर' असे पानाच्या तळापर्यंत. बायकांपुढे 'अवलंबून'. सबंध पासली एका दुपारी उरकली. अक्षर सुरेख आले होते. वरिष्ठांनी ते वाखाणलेही.

चार वर्षांनी पासलीकरांचा अर्ज आला. त्यांच्या गावापुढे डोंगर एकदम तुटतो आणि एक उभी घळ कोकणात उतरते. तिला ते नुसते 'नाळ' म्हणतात. नाळेत एका जागी वाट खचली आहे, आमची माणसे डोक्यावर ओझी घेऊन तिथून जातात-येतात, तेवढ्या जागी पायऱ्या खोदून मिळाव्यात, एवढीच मागणी होती. वरून विचारणा झाली, की ओझी वाहून पोट भरणारी माणसे त्या गावात किती? कागद माझ्याच ताब्यात होते. मी माझेच पान उघडले आणि उत्तर लिहिले, 'निरंक'. ते खोटे आहे हे लिहितानाच मला ठाऊक होते. पासलीच्या बायका चुंबळीवर ओझी तोलत वेल्ह्याच्या बाजारात येताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण खरे लिहावे तर आधीचे पान खोटे ठरत होते. अर्ज फायलीत गेला. पुढच्या वर्षी ठकूबाई नावाची एक बाई मिठाच्या ओझ्यासकट त्या जागेवरून खाली गेली. पाटील दुसऱ्या कामासाठी कचेरीत आले होते, तेव्हा त्यांनी बोलता बोलता सांगितले. मी त्यांना पाणी दिले. 

आता नोकरी संपली, साठी उलटली. गेल्या मार्गशीर्षात मी घडले तसे सारे एका कागदावर लिहिले, खाली सही केली आणि तो कागद ठकूबाईच्या माणसांच्या हाती द्यायला निघालो. पासलीकरांनी पुन्हा अर्ज केला तर तो त्याला जोडता येईल, असा विचार होता. त्या जाण्या-येण्याची ही हकीकत.

भोर ते नसरापूर

लढाईमुळे पेट्रोल मिळेनासे झाले आहे. मोटार सुटेल तेव्हा खरी. म्हणून मी इमामभाईंचा टांगा ठरवला. इमामभाई भोरचेच, पन्नाशीचे, घोड्याशी आणि माणसांशी एकाच सुरात बोलणारे. भोरचे शेवटचे घर मागे पडले तेव्हा मी त्यांना विचारले, की खानेसुमारीत तुम्ही धंदा काय सांगितला होता?

"कंच्या महिन्यात विचारताय त्यावर हाय, अण्णा," ते म्हणाले.

मग त्यांनी सबंध वर्ष उलगडून सांगितले. पावसाळ्यात चाके रुततात, तेव्हा टांगा बंद. पेरणीच्या आधी बैलांना पत्र्या ठोकायच्या. थंडी पडू लागली की घरोघर गाद्यांचा कापूस पिंजायचा. लग्नसराईत ताशा वाजवायचा. "मोजणीवाला माघात आला, म्हणून मी टांगेवाला झालो. चैतात आला असता तर वाजंत्री झालो असतो." त्यांची बायको गावोगाव बांगड्या भरते. तिच्यापुढे काय लिहिले, असे विचारल्यावर ते हसू लागले. मोजणीवाल्याने 'अवलंबून' लिहिले आणि वाचूनही दाखवले. "कुणावर, ते विचारून या, म्हणली मला. दोन दिस माझ्याशी बोलली न्हाई."

मीही हसलो. तो मोजणीवाला मी नव्हतो, पण त्याच्या जागी मीही तेच लिहिले असते.

कामथडीत घोड्याला पाणी दाखवायला थांबलो. रस्त्यालगतच्या विहिरीवर मोट चालली होती. चामड्याची ती भलीमोठी पखाल वर येते, पाटात ओतली जाते, बैल उतारावरून पाठमोरे मागे येतात आणि मोट पुन्हा खाली जाते. हे मी जन्मभर पाहत आलो आहे. बैल हाकत होती ती घरधनीण. नवरा लांब उसात पाणी वळवीत होता. त्यांनी आम्हाला बळेच जेवायला बसवले. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, मुठीने फोडलेला कांदा. आमच्याकडे भोरात दुपारी भात नसला तर जेवल्यासारखे वाटत नाही. त्या दिवशी भाताची आठवणही झाली नाही. मी त्या शेतकऱ्याला म्हटले, की तुमचे शेत छान आहे. तो म्हणाला, पाणी तिचे आहे.  माझ्या रकान्यात ती बाई या माणसावर अवलंबून होती, आणि त्याचा ऊस तिच्या मोटेवर उभा होता.

वेल्हे

वेल्ह्यात शिरताना तोरणा अंगावर येतो. इतका जवळ, इतका उभा, की माथा पाहायचा तर टोपी सावरावी लागते. चावडी तशीच आहे. मी ज्या खिडकीपाशी बसलो होतो ती खिडकीही तशीच. तिच्यातून गड दिसतो. मोजणीच्या दिवशी मी एकदा तरी मान वर करून पाहिला असेन का, ते आठवेना.

आठवले ते दुसरेच. मोजणीनंतर दोनेक वर्षांनी खानेसुमारीचे जाडजूड पुस्तक आमच्या कचेरीत आले होते. त्यात सबंध हिंदुस्थानाचा तक्ता होता. शेतीवर किती माणसे, कारखान्यांत किती, वाहतुकीत किती, व्यापारात किती. हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंतची माणसे ओळीने उभी केल्यासारखी. मी ते पान देवाच्या पोथीसारखे उघडून पाहिले होते. एवढा मोठा देश, आणि कुठला माणूस काय करून जगतो ते एका पानावर! तेव्हा एवढे सुचले नाही, की त्या शेतीच्या आकड्यात माझी पासली बसली आहे, आणि ती कशी बसली ते मला पक्के ठाऊक आहे. माझ्यासारखे आणखी किती जण असतील, ते त्या तक्त्यात लिहिलेले नव्हते.

इमामभाईंनी घोडा आणि टांगा ओळखीच्या घरी ठेवला आणि माझी वळकटी खांद्यावर टाकली. एकटे जाऊ देणार नाही, म्हणाले. मी वाद घातला नाही.

पासली

पुढची वाट पायीच. चढणीवर माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. इमामभाईंनी कमरेची सुतळी काढून तो बांधून दिला आणि हा आणखी एक धंदा लिहून घ्या, म्हणाले. खिंड ओलांडली आणि समोरचे पाहून मी खाली बसलो. चारी बाजूंनी डोंगर, आणि मध्ये पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरे. भात कापून झाले होते. खाचरांत उरलेल्या धसांवर ऊन सांडले होते. प्रत्येक खाचराला बांध आहे, आणि बांधातला प्रत्येक दगड कोणीतरी उचलून लावलेला आहे. गड बांधणाऱ्यांचे आपण कौतुक करतो. हे बांध घालणाऱ्यांचे नाव कुठेच नाही.

पाटलांनी मला ओळखले. आता ते थकले आहेत, पण जिभेची धार तशीच. "इकत्या वर्सांनी मोजाया आलात व्हय?" असे म्हणून त्यांनी घोंगडी टाकली. मी येण्याचे कारण सांगितले. त्यांनी घोंगडीची सुरकुती हाताने सारखी केली. मग म्हणाले, की ठकूबाईच्या घरात आता तिची जाऊ हौसाबाई आहे. नाळेने जाणाऱ्या बायकांची पुढारीण तीच. कालच ती कोकणात उतरली आहे, उद्या दुपारी वर येईल. "तिला सांगा. मला सांगून काय व्हनार? नावं तर मीच सांगितल्याली."

संध्याकाळी नव्या तांदळाचा भात आणि कुळथाचे पिठले जेवलो. त्या भाताचा वास ताट समोर येण्याआधीच येतो. भोरात हाच तांदूळ आम्ही विकत घेतो, पण इथला वास तिथवर पोचत नाही.

सकाळी खळ्यावर गेलो. पाटलांचा मुलगा पेंढ्या झोडत होता. तो आठ महिने मुंबईला गिरणीत असतो, सुगीला येतो. सून सुपाने भात वारवत होती आणि मधूनच उठून म्हशीकडे पाहत होती. तुपाचा डेरा तिचा. तो भरला की नाळेने खाली जातो. पाटलीणबाई हिरडे फोडून वाळत घालत होत्या. खुद्द पाटील पुढच्या पावसाळ्यासाठी इरले विणत बसले होते. आता शेतकरी कोण, गिरणी कामगार कोण, गवळी कोण, हे कुणी ठरवायचे? एका खळ्यावर मी त्या जाड पुस्तकातले जवळजवळ सगळे रकाने पाहिले, आणि एकाच माणसात तीन-तीन. मी तिथे उभा राहून नुसता पाहत राहिलो. पाटलीणबाईंना वाटले म्हाताऱ्याला ऊन लागले. त्यांनी गुळाचा चहा आणून दिला.

नाळेचे तोंड

दुपार व्हायच्या आत इमामभाई आणि मी नाळेच्या तोंडाशी पोचलो. तिथे जमीन संपते. पुढे नुसती हवा, आणि हवेच्या तळाशी कोकण. निळसर झाडी, एक चकाकणारी नदी आणि पलीकडे धुक्यात विरघळलेले डोंगर. घार आपल्या पायांखाली उडताना मी आधी कधी पाहिली नव्हती. 

वाट जिथे उतरायला लागते तिथे कमरेहून थोडा उंच असा एक सपाट कातळ आहे. गुडघे थोडे वाकवले की ओझे डोक्यावरून सरळ त्याच्यावर सरकवता येते. इमामभाई झऱ्यावर पाणी आणायला गेले. मला बसायचे होते. कातळावर आठ-नऊ खडे ओळीने पडले होते. मी ते उपरण्याने झटकले, उपरणे अंथरले आणि टेकलो.

थोड्या वेळाने खालून बोलणे ऐकू येऊ लागले, मग चुंबळी आणि टोपल्या दिसू लागल्या. पाच बायका वर आल्या. पुढची हौसाबाईच असणार; पन्नाशीची, काळीसावळी, सडपातळ. डोक्यावर मिठाचे पोते, आणि मान अशी ताठ की पोते तिथेच उगवले असावे. त्या उभ्या भिंतीसारख्या वाटेने ती हे घेऊन आली होती, आणि तिला धाप लागलेली नव्हती. पोते कातळावर सरकवायला ती वळली आणि थांबली.

"हितलं खडं कुठं गेलं?"

मी म्हटले, बसायला जागा हवी होती म्हणून साफ केले.

ती ओरडली नाही. पोते तिने जमिनीवर उतरवले. "साफ केलं," ती म्हणाली. "आमची मानसं पुसली तुमी, रावसायेब."

मग बाकीच्या बायकांनी सांगितले तेव्हा मला कळले. नाळेने उतरणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा एक खडा असतो, आपल्या शेतातून आणलेला, ओळखीचा. उतरताना तो कातळावर ठेवायचा, वर आल्यावर उचलून घ्यायचा. दिवस कलताना जो शेवटी वर येतो तो उरलेले खडे पाहतो. मुक्कामाला राहिलेले सोडून जेवढे खडे, तेवढी माणसे अजून वाटेत आहेत, आणि गावातून माणूस शोधायला निघतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या या माणसांनी ही मोजणी कोण जाणे किती पिढ्या चालवली होती, आणि तिच्यात एकदाही 'सदर' नव्हते.

मी गुडघ्यांवर बसून गवतात खडे शोधू लागलो. इमामभाई पाण्याची चरवी घेऊन आले आणि तेही शोधायला बसले. एक एक खडा सापडला की हौसाबाई तो हातात घेऊन पाही. त्या पाच जणींचे पाच तिने ज्याचे त्याला दिले. उरलेले कातळावर मांडताना ती बोलत होती, मला सांगत होती की स्वतःशी म्हणत होती, ठाऊक नाही.

"ही पारू. हिचं बाळ चार म्हैन्याचं, सासूपाशी ठिवून गेलीया. खाली तूप घिऊन गेली, येताना सुकट आनंल. लावनीला हिच्यावानी हात गावात कुनाचा न्हाई. ह्यो शिवा. लढाईवर गेल्ता, पाय मोडून आला. आता म्होळाचा मध काढतो, आन नारळ आनतो. ही भागी. तिचा दादला म्हमईला हाय. नांगुर बी तीच धरती. कुनाला सांगू नका म्हनती, पर समद्यांनी बघितलंय."

तीन खडे मांडायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी चावडीत अर्धे गाव लिहिले होते.

मग एक पांढरी गारगोटी सापडली, मधून काळी रेघ असलेली. ती तिने पदराने पुसली आणि सगळ्यांच्या शेवटी ठेवली.

"आन ही ठकी. माझी जाऊ. आठ वर्सं झाली. सांजला मोजताना हिला धरूनच मोजायचं. वगळली का मोजनी चुकतीया."

एवढी वाट चालून आलो ते सांगायला, आणि आता तोंड उघडेना. मी कागद काढून इमामभाईंना दिला. ते वाचू लागले. भोरात चार इयत्ता शिकलेले, अक्षर लावून लावून वाचतात. 'निरंक' या शब्दापाशी ते थांबले, माझ्याकडे पाहिले, आणि तेच वाक्य पुन्हा वाचले.

"निरंक म्हंजी?" हौसाबाईने विचारले.

"एकही नाही," मी म्हणालो.

खाली कुठेतरी दगड निसटल्याचा आवाज झाला. सगळ्या बायकांनी एकदम तिकडे पाहिले, मग पुन्हा माझ्याकडे.

"चावडीत लिवत हुता, त्या दिशी जेवला असाल न्हवं?"

जेवलो होतो. पाटलांनीच जेवू घातले होते.

"पानात मीठ हुतं?"

"होतं."

"त्ये ठकीनं वाहून आनल्यालं. त्या टायमाला येल्ह्यात दुसरं मीठ न्हवतंच."

 तिच्या आवाजात राग असता तर बरे झाले असते. मिठाचा भाव सांगावा तसे तिने सांगितले.

मग ती म्हणाली, आलाच आहात तर जागा बघा. उतरायचे तर खडा ठेवा. मी इकडेतिकडे पाहून एक तांबूस दगड उचलला आणि ठकूबाईच्या गारगोटीशेजारी ठेवला. हौसाबाईने आपला खडा परत मांडला, इमामभाईंनीही एक ठेवला. ती पुढे, मी मागे, इमामभाई माझ्या पाठीशी. वीस-पंचवीस पावलेच उतरलो असू. कातळ धरून, कधी बसून, एकदा तर चांगलाच घसरलो आणि आपटलो. वरून बायकांचे हसू ऐकू आले. हौसाबाईही हसली. माझे कोपर मात्र तिने सोडले नाही. आणि मग ती जागा आली. वाट तिथे दीड पावलाची आहे. डावीकडे कातळ, उजवीकडे काही नाही. मागचे पाऊल सोडल्याशिवाय पुढचे टाकता येत नाही, आणि ते डोक्यावर ओझे असताना. पाच पायऱ्या खोदल्या तरी पुरे झाले असते. मी तिथे कातळाला पाठ लावून उभा होतो तेवढ्यात खालून पारू वर आली, सुकटीची पाटी डोक्यावर. तिने मला एकदा बघितले आणि जाऊ का म्हणून विचारले. मी अंग चोरले. ती दीड पाऊल ओलांडून गेली, एका हाताने पाटी, दुसऱ्या हाताने पदर सावरीत. इतके सुंदर आणि इतके भयंकर असे मी आयुष्यात काही पाहिले नाही.

वर आलो तेव्हा उन्हे कलू लागली होती. पारू, इमामभाई आणि हौसाबाई यांनी आपापले खडे उचलले. थोड्या वेळाने शिवा लंगडत आला, त्याच्यामागून भागी. कातळावर दोन उरले. एक पांढरा, एक तांबूस. कागद हौसाबाईने चार घड्या करून कनवटीला खोचला होता. तो पाटलांना देईन, म्हणाली.

मी माझा खडा उचलायला हात पुढे केला. तिने मनगट धरले. जोराने नाही.

"ऱ्हाऊ द्या, बाबा. वाट झाली का या आन उचला."

"आणि तोवर?"

"तोवर खालीच हाय तुमी."

परत भोरात

 टांगा दारापाशी उभा राहिला तेव्हा इमामभाई म्हणाले, "अण्णा, वाट झाली का मला सांगा. टांगा ठरवू नका, मी येतो."

पाटलांचा अर्ज पौषात आला, माझा कागद जोडून. मी स्वतः कचेरीत जाऊन सांगितले, की ते उत्तर माझे होते आणि खोटे होते. ज्या मेजावर मी तीस वर्षे बसलो, त्याच मेजासमोर उभे राहून सांगितले. अजून हुकूम झालेला नाही. मी आठवड्यातून एकदा जाऊन विचारतो.

घरी दिवस मावळण्याआधी जेवायला बसलो की पानात डावीकडे आधी मीठ वाढतात. त्याच सुमाराला तिकडे डोंगरात ऊन कलत असते. पासलीचे कोणीतरी नाळेच्या तोंडाशी उभे राहून कातळावरचे खडे पाहत असेल. सगळी वर आली असतील तर तिथे दोनच असतील, आणि ती दोन्ही मोजणीत धरली जातील.